न्यूमोनियाचं अँटिबायोटिक पंपावर ४ तास: धुळ्यातल्या एका हॉस्पिटलच्या सोयीचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू धुळ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचा आहे, पण बिल्डिंग, पार्किंग, कॅन्टीन वगैरेचा नाही. एकाच सोयीचा आहे, म्हणजे वयस्कर माणसाला न्यूमोनिया झाल्यावर तिथे अँटिबायोटिक इन्फ्युजन पंपावर (बाटलीतलं औषध ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणारं मशीन) लावून ४-४ तास सावकाश देतात, त्याचा. नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि तालुक्याच्या ज्या हॉस्पिटलात आम्ही आधी होतो तिथलंही लिहिणार आहे, आणि तसंही आपला माणूस घेऊन कुठल्याही हॉस्पिटलात गेलं तर काय बघायचं, काय विचारायचं हे कळणं जास्त कामाचं. मी बी.फार्म आहे, पारोळ्याकडे मेडिकलवर बसते, त्यामुळे औषधांचं थोडंफार कळतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

पेशंट म्हणजे माझे वडील, नाना. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी टीबी होऊन गेलेला, त्यामुळे एका फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा खराब, दर हिवाळ्यात कफ ठरलेला. या जानेवारीत धुळ्याकडे थंडी कडाक्याची होती आणि त्यातच त्यांना न्यूमोनिया झाला. ताप नव्हता हे आधी सांगते, कारण म्हाताऱ्या माणसात न्यूमोनिया असूनही ताप येत नाही असं पुष्कळदा होतं आणि घरचे निवांत राहतात. नानांनी आधी जेवण सोडलं, मग रात्री शेतातल्या गड्याला हाका मारायला लागले जो गडी कधीच वारला, आणि श्वास मोजला तर मिनिटाला तिसाच्या वर. अचानक आलेला गोंधळ, श्वासाचा वेग ३० किंवा जास्त, बीपी कमी, रक्तात युरिया वाढलेला आणि वय ६५ च्या पुढे, या ५ गोष्टींवरून डॉक्टर न्यूमोनिया किती गंभीर आहे त्याचा अंदाज घेतात. घरी निदान श्वास तरी मोजा, मोबाईलमधलं घड्याळ पुरतं त्याला.

तालुक्याच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. सेफ्ट्रायॅक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन चालू केलं, ते बरोबरच होतं, घरी झालेल्या न्यूमोनियाला बहुतेक ठिकाणी हेच देतात. पण नानांच्या जुन्या फुप्फुसात स्युडोमोनास नावाचा जंतू बसलेला निघाला, त्याच्यावर सेफ्ट्रायॅक्सोन चालत नाही, मग पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम चालू झालं. औषध बरोबर, डोस बरोबर, कागदावर लिहिलेलं पण बरोबर, टीआयडी म्हणजे दिवसातून ३ वेळा. आता बघा प्रत्यक्षात काय व्हायचं, सकाळी ८ ला सिस्टर येऊन बाटली लावायची आणि ड्रिप पूर्ण उघडी सोडायची, दहा-पंधरा मिनिटांत बाटली खाली, मग दुपारी २ ला, मग रात्री ८ ला, आणि त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी ८. म्हणजे दिवसा ६ तासांचं अंतर आणि रात्री १२ तासांचं. रात्री पूर्ण वॉर्डला एकच मुलगी असायची, तिला मी दोष देत नाही, पण ३ वेळा म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ असा जो हिशोब आपल्याकडे गोळ्यांसाठी चालतो तो या इंजेक्शनला लावला की औषध असून नसल्यासारखं होतं.

का ते सांगते, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातली औषधं, म्हणजे पिपरासिलिन, सेफेपिम, मेरोपेनेम वगैरे, रक्तात एकदम खूप वर गेली म्हणून जास्त जंतू मारत नाहीत. जंतूला आवरायला जेवढी पातळी लागते, जिला एमआयसी म्हणतात, त्याच्या वर औषध किती वेळ टिकलं यावर त्यांचं काम ठरतं. आणि किडनी ठीक असेल तर पिपरासिलिन साधारण तासाभरात निम्मं होतं, मग तासागणिक निम्मं-निम्मं करत गेलं तर ६ तासांनी चौसष्टावा भाग उरतो. १२ तासांच्या रात्रीचं काय ते तुम्हीच बघा. आणि नानांच्या थुंकीच्या कल्चर रिपोर्टवर (थुंकीतला जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघतात, तो रिपोर्ट) पिपरासिलिनसमोर एमआयसी १६ लिहिलं होतं आणि पुढे एस, म्हणजे सेन्सिटिव्ह. आपण एस बघितलं की खुश होतो, पण स्युडोमोनाससाठी १६ ही एसची शेवटची पायरी आहे, त्याच्या वर गेलं की ते एस राहत नाही. अशा काठावरच्या जंतूला औषध १५ मिनिटांत ओतून दिलं तर थोडा वेळ पातळी उंच आणि मग बराच वेळ जंतू मोकळा.

धुळ्याला हलवल्यावर पहिला फरक तिथेच दिसला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि औषध बदललं नाही. मला वाटलेलं आता मेरोपेनेम लिहितील, आजकाल सगळीकडे तेच होतं, आधीचं लागू पडलं नाही की लगेच वरचं. ते म्हणाले औषध हेच ठेवू, द्यायची पद्धत बदलू. पहिला डोस अर्ध्या तासात, कारण आजारी माणसाला आधी पातळी पटकन वर न्यायची असते, आणि त्यानंतरचा प्रत्येक डोस ४ तास पंपावर, दर ८ तासांनी. सकाळी ६ ते १०, दुपारी २ ते ६, रात्री १० ते २. नानांना त्यांनी असं सांगितलं की बाबा, पहिलं पाणी भरून दिलं, आता ठिबक. केळी लावलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नव्हती. नाना एवढंच म्हणाले, "कितला येळ चाली हाई बाटली?"

वेळ पाळणं हा या हॉस्पिटलचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. रात्री १० चा डोस १० लाच लागायचा, फार तर पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, आणि पहाटे ६ चा डोस नाइटवाल्या ब्रदरने स्वतःची ड्युटी संपवायच्या आधी लावूनच जायचा असा तिथे नियमच आहे. बेडच्या पायाशी कागद होता, त्यावर चालू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ दोन्ही लिहायचे. संपल्याची वेळ लिहिणारं हॉस्पिटल मी पहिल्यांदा बघितलं. पंप कुठलाही असो, हा कागद असेल तर समजायचं काम नीट चालू आहे.

आता किडनीचं, कारण वयस्कर माणसात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १ आलं की लोक म्हणतात किडनी एकदम फर्स्ट क्लास. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि म्हाताऱ्या, वाळलेल्या माणसाला स्नायूच कमी, त्यामुळे आकडा नॉर्मल दिसतो आणि किडनी निम्म्यावर आलेली असते. किडनी खरी किती काम करतेय त्याचा हिशोब सोपा आहे, १४० मधून वय वजा करायचं, उरेल त्याला वजनाने गुणायचं आणि क्रिएटिनिन गुणिले ७२ ने भागायचं, बाईमाणूस असेल तर आलेल्या उत्तराचे ८५ टक्के धरायचे. ८२ वर्षांचा, ४८ किलोचा माणूस, क्रिएटिनिन १, उत्तर येतं ३९ च्या आसपास. तरुण माणसाचं शंभराच्या पुढेमागे असतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी हा आकडा फाइलवर पहिल्याच पानावर लिहिलेला, मी न विचारता. ४ तासांच्या पद्धतीत पिपरासिलिनचा डोस हा आकडा २० च्या खाली जाईपर्यंत सहसा तसाच ठेवतात, पण मेरोपेनेमचा ५० च्या खाली गेला की लगेच कमी करायला लागतो, आणि सेफेपिम तर किडनी मंद असलेल्या म्हाताऱ्याला जास्त झालं की डोक्यावर परिणाम करतं, माणूस बरळतो, कधी झटके पण येतात, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला.

याच्यातूनच एक गोष्ट निघते जी मला प्रामाणिकपणे लिहायची आहे. किडनी मंद असली तर औषध शरीरात तसंही जास्त वेळ राहतं. म्हणजे काही म्हाताऱ्या पेशंटमध्ये ४ तासांच्या इन्फ्युजनचं अर्धं काम त्यांची किडनीच करून टाकते. त्यामुळे पंपावर दिलं म्हणून प्रत्येक आजी-आजोबांना चमत्कारासारखा फरक पडेल असं मी सांगणार नाही आणि कोणी सांगत असेल तर मानू नका. अभ्यास पण तसेच आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्युडोमोनासच्या पेशंटना हेच औषध ४ तासांवर दिलेलं, त्यातल्या जास्त गंभीर लोकांमध्ये १४ दिवसांतले मृत्यू ३१.६ टक्क्यांवरून १२.२ टक्के दिसले, तेव्हापासून ही पद्धत गाजली. पण तो जुन्या फायली काढून केलेला अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला नाही. मग २०२३ ला मर्सी नावाची मोठी चाचणी आली, मेरोपेनेम सलग २४ तास विरुद्ध तुकड्यातुकड्याने, आयसीयूतले ६०७ पेशंट, आणि फरक काहीच नाही, ९० दिवसांत दोन्हीकडे ४२ टक्के मृत्यू. २०२४ ला ब्लिंग ३, सात हजारांवर पेशंट, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम दोन्ही, सलग दिलेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू २४.९ टक्के आणि तुकड्याने दिलेल्यांत २६.८. हा फरक गणिताच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण इन्फेक्शन बरं होण्याचं प्रमाण ५० वरून ५५.७ टक्क्यांवर गेलं ते पक्कं ठरलं. त्याच वर्षी १८ चाचण्या एकत्र करून ९ हजारांवर पेशंटचा हिशोब मांडला तेव्हा मृत्यू कमी होतात असंच दिसलं. हे सगळे आयसीयूतले पेशंट, सगळ्या वयाचे, फक्त न्यूमोनियाचे नाहीत, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. माझं मत विचाराल तर फायदा थोडा आहे पण आहे, औषधाचा खर्च एक पैसा वाढत नाही, आणि काठावरचा एमआयसी असेल तर मी माझ्या माणसासाठी हीच पद्धत मागेन.

आता तक्रारी. पहिली, नळीत राहणारं औषध. १०० मिलीची बाटली पंपावर लावली की बाटली संपल्यावर पंप अलार्म देतो आणि सिस्टर येऊन सेट काढून टाकते. पण सेटच्या नळीत पंधरा-वीस मिली उरलेलं असतं, म्हणजे प्रत्येक डोसचा पाचवा-सहावा हिस्सा कचऱ्याच्या डब्यात. दहा-पंधरा मिनिटांत ओतायचे तेव्हा पण हे व्हायचं, पण इतकं सांभाळून दर ८ तासांनी द्यायचं आणि शेवटी एवढं फेकायचं हे मला बघवलं नाही. मी इन्चार्ज सिस्टरांना दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं ही त्यांची चांगली गोष्ट, दुसऱ्या दिवसापासून बाटली संपली की त्याच स्पीडने पंचवीस मिली सलाईन चालवायला लागले. पण हे पेशंटच्या मुलीने सांगावं लागू नये. सिरिंज पंप असेल तर ५० मिलीच्या सिरिंजमध्ये औषध भरून बारीक नळीतून देतात, त्यात वाया फार कमी जातं, पण सिरिंज पंप सगळे आयसीयूत, वॉर्डला मिळत नव्हते.

दुसरी तक्रार, अलार्म. नानांना कॅन्युला (शिरेत ठेवतात ती बारीक नळी) कोपराच्या खोबणीत लावलेली, हात वाकवला की पंप ओरडणार, आणि झोपेत माणूस हात वाकवणारच. रात्री बाराला पंप वाजतोय, समोरचे आजोबा जागे, त्यांची सून जागी, आणि ब्रदर दुसऱ्या टोकाला. कधीकधी पंप थांबलेलाच राहायचा आणि ४ तासांचा डोस पाच-साडेपाच तास चालायचा. पुढच्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मधे कॅन्युला लावली की हा त्रास निम्म्याहून कमी होतो, ती बदलून घेतली तेव्हा नाना नीट झोपले. तुमच्या माणसाला लावताना तेव्हाच सांगा.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी, चालणं बंद. दिवसाचे १२ तास माणूस नळीला बांधलेला. म्हातारा माणूस आठवडाभर पडून राहिला की पायातलं बळ जातं आणि मग न्यूमोनिया बरा होऊन पण माणूस उभा राहत नाही. पंपाला बॅटरी असते, चाकांचा स्टँड असला की पंपासकट बाथरूमपर्यंत, खिडकीपर्यंत चालवता येतं, पण वॉर्डात चाकाचे स्टँड मोजकेच आणि त्यातलेही काही मोडके. सकाळी १० ते दुपारी २ च्या मधल्या रिकाम्या वेळात आम्ही नानांना व्हरांड्यात फिरवायचो, तीच वेळ नातेवाइकांच्या भेटीची, कोणी भरीत आणि कळण्याची भाकरी आणायचं, नाना दोन घास खायचे आणि परत म्हणायचे, "बाई, माले घर लई चाल."

बिलाचं पण लिहिते. पंपाचे पैसे दिवसाच्या हिशोबाने वेगळे लावले आणि ॲडमिट करताना ते सांगितलं नाही. रक्कम फार नव्हती, पण आधी सांगायला काय जातं. शेतकऱ्याच्या घरात मका-कापसाचे पैसे हातात आले नसतात तेव्हा प्रत्येक ओळ मोजावी लागते.

पंप नसेल तर काय, हे मला मेडिकलवर पण विचारतात, म्हणून सांगते. पंपाशिवाय ४ तासांचा डोस देता येतो. १०० मिली ४ तासांत म्हणजे तासाला २५ मिली. मायक्रोड्रिप सेट, जो लहान मुलांना वापरतात, त्यात ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे मिनिटाला बरोबर २५ थेंब. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली, म्हणजे मिनिटाला ८ थेंब, ते मोजत बसणं अवघड आणि हात हलला की बिघडतं. तालुक्याच्या हॉस्पिटलात पंप नसेल तर निदान मायक्रोड्रिपवर आणि दर ८ तासांनी द्या अशी विनंती डॉक्टरांना करायला काहीच हरकत नाही. आणि तेही जमत नसेल तर निदान वेळ ६-२-१० करून घ्या, रात्रीची १२ तासांची पोकळी तरी जाईल. ड्रिपचा वेग बदलायची चाकी मात्र स्वतः फिरवू नका, सिस्टरलाच सांगा.

सगळ्याच औषधांना ही पद्धत लागत नाही हे पण नीट समजून घ्या, नाहीतर लोक सेफ्ट्रायॅक्सोन पण ४ तास लावा म्हणून भांडतील. सेफ्ट्रायॅक्सोन शरीरात बराच वेळ टिकतं, निम्मं व्हायला ६ ते ९ तास लागतात, ते दिवसातून एकदा दिलं तरी चालतं. फक्त ते आरएलच्या (रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन) बाटलीत किंवा कॅल्शियमबरोबर मिसळायचं नसतं. अमिकासिन उलट एकदम उंच पातळी गेली की चांगलं काम करतं, ते दिवसातून एकदाच. ॲझिथ्रोमायसिनची बाटली निदान १ तास, लेव्होफ्लॉक्सासिन ७५० ची दीड तास, व्हँकोमायसिन निदान १ तास चालायला हवी. यातलं कुठलंही घाईने सोडलं तर त्रास होतो, व्हँकोमायसिनने अंग लालबुंद होऊन खाज सुटते, बीपी पडतं. हे वेगळ्या कारणासाठी सावकाश देतात, जंतू जास्त मरावेत म्हणून नाही.

आणि आपल्या खान्देशासाठी एक खास गोष्ट, उन्हाळा. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम एकदा विरघळवलं की साध्या खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकतं. मेरोपेनेमचं तसं नाही, ते पाण्यात घातलं की काही तासांतच कमी व्हायला लागतं आणि गरमी वाढली की अजून भरभर. पुस्तकातलं खोलीचं तापमान म्हणजे २५ डिग्री. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ ला पोचतं तेव्हा बिनएसीच्या वॉर्डात मेरोपेनेमची बाटली ताससन् तास लटकवली तर पेशंटला शेवटी काय पोचतं हा खरंच काळजीचा प्रश्न आहे. मेरोपेनेम सावकाश द्यायचं असेल तर ३ तासांच्या वर नको, औषध अगदी लावायच्या वेळी बनवलेलं हवं आणि बाटली खिडकीच्या उन्हात नको. जानेवारीत आम्हाला ही अडचण आली नाही, पण उन्हाळ्यात ॲडमिट होणाऱ्यांनी हे नक्की विचारा.

नानांचा श्वास तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाली आला, गोंधळ गेला, एका सकाळी स्वतःहून म्हणाले, "आते बरं वाटी ऱ्हायनं." यात पंपाचा वाटा किती, रात्रीच्या वेळेवरच्या डोसचा किती आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीने रोज पाठ थोपटून काढलेल्या कफाचा किती, हे कोणी वेगळं करून सांगू शकणार नाही. ७ दिवसांचा कोर्स पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन सरळ बंद केलं, घरी जाऊन अजून पाच दिवस घ्या वगैरे काही नाही, हे मला फार आवडलं, कारण गरज संपल्यावर अँटिबायोटिक ओढत राहिलं की पुढच्या वेळी तोच जंतू जास्त कडक होऊन येतो.

५ पैकी ४ स्टार. वेळ पाळणं, किडनीचा हिशोब आणि औषध न वाढवता पद्धत बदलायची हिंमत यासाठी ४. नळीतलं औषध, स्टँड आणि न सांगितलेलं पंपाचं भाडं यासाठी एक कापला.

पंप भाड्याने आणून घरीच हे करता येईल का असं काहीजण विचारतात. वयस्कर माणसाच्या गंभीर न्यूमोनियात माझं उत्तर नाही असंच आहे. दर ८ तासांनी कॅन्युला बघणं, रात्री १० ते २ पंपाजवळ जागणं, ऑक्सिजन मोजणं आणि हात सुजला तर लगेच बदलणं याला शिकलेला माणूस लागतो, आणि गावात रात्री लाइट गेली की पंपाची बॅटरी किती वेळ टिकेल याचा काही भरवसा नाही.